मात होईपर्यंत

बुद्धिबळात बचाव म्हणजे दारे-खिडक्या लावून आत बसणे, अशी पुष्कळांची समजूत असते. ग्रुनफेल्ड बचाव ही समजूत खोटी पाडतो. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ साली तो प्रचारात आणिला. ह्यात काळा खेळाडू पटाचा मध्यभाग प्रतिपक्षाच्या प्याद्यांस खुशाल व्यापू देतो आणि मग दुरून त्यावर मारा करितो.

ह्या बचावाचा एक डाव आम्ही नातवंडांसह अनेकदा पटावर मांडून पाहिला आहे. १७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्क येथील मार्शल चेस क्लबात, रोझेनवाल्ड स्पर्धेत तो झाला. पांढरी मोहरी डोनाल्ड बर्न ह्या २६ वर्षांच्या नामांकित खेळाडूची; काळी बॉबी फिशर ह्या १३ वर्षांच्या मुलाची. मुलाने चौथ्याच खेळीस आपला राजा किल्लेकोटात नेला. पांढऱ्याचा राजा मात्र मध्येच राहिला. अकराव्या खेळीस मुलाने घोडा शत्रूच्या तोंडी नेऊन ठेविला. सतराव्या खेळीस तर वजिरावर मार असताही त्यास तेथेच सोडून उंट मागे घेतला! बर्न यांनी वजीर मारिला. मुलाने शहामागून शह देत त्याच्या मोबदल्यात एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादे वसूल केले. पुढे पांढरा वजीर दूर निरुपयोगी उभा असता, ४१ व्या खेळीस हत्तीने मात झाली.

नातवंडे वजिराच्या बलिदानावर खूष होतात. आमचे मन मात्र बर्न यांच्यापाशी घोटाळते. हार अटळ दिसताच डाव सोडून देण्याची थोर खेळाडूंत रीत आहे. बर्न यांनी तसे न करिता ती सुंदर मात पटावर पुरी होऊ दिली. आम्हांस त्यात वडीलकीचे औदार्य दिसते. एरवी आपल्या घरांतून डाव अंगावर येताच "संध्येची वेळ झाली" म्हणून पट आवरणारे वडीलधारे थोडे का आहेत? शिष्याकडून पराजयाची इच्छा धरावी, हे वर्गात सांगणे सोपे; पटासमोर बसून आचरणे कठीण.

गेल्या दिवाळीत थोरल्या नातवाने आम्हांवर प्रथमच मात केली. तीन खेळी आधीच आम्हांस ती दिसली होती. आम्ही उठलो नाही. अखेरची खेळी करिताना त्याचा हात किंचित कापला, आणि मग त्याच्या मुखावर जो आनंद उमटला, तसा आमच्या कोणत्याही विजयाने आम्हांस दिला नव्हता.