उतारशाळेतील शुश्रूषा

वाचकहो, रुग्णाचा रक्तदाब मोजताना गेली काही वर्षे मी एक प्रश्न आवर्जून विचारते. घरात कोणाशी अबोला आहे का? पूर्वी उत्तरात शेताचा बांध असे. आता पुष्कळदा भ्रमणध्वनीवर आलेला एखादा संदेश असतो. निवडणूक, जात, धर्म यांवरून सख्खी भावंडे दुरावतात. त्याची झळ सर्वांत आधी लागते ती अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, कारण त्याला दोन्ही बाजूंच्या हातांची गरज असते.

मी ख्रिस्ती आहे. आमच्याकडे दयेचा विषय निघाला की लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला हमखास सांगितला जातो. यरुशलेमहून यरीहोकडे सुमारे 1000 मीटर खाली उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका प्रवाशाला अर्धमेला करून टाकले. याजक आणि लेवी बाजूने निघून गेले. थांबला तो एक शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांच्याशी संबंध ठेवीत नसत त्यांच्यापैकी एक. हा दाखला आपण नेहमी त्या शोमरोन्याच्या जागी उभे राहून ऐकतो. रुग्णांच्या उशाशी बसता बसता मला तो जखमी माणसाच्या जागेवरूनही ऐकू येऊ लागला. ज्याला आपण उंबऱ्याच्या आत घेतले नसते, त्याचाच हात आपल्या जखमेवर फिरतो आहे, हे स्वीकारणे सोपे नसते.

आमच्याच मंडळीतील एका वृद्ध गृहस्थांना पक्षाघात झाला. शुश्रूषेसाठी नेमलेल्या ताई मुस्लिम आहेत हे कळताच त्यांनी तोंड फिरवले. हा दाखला त्यांना लहानपणापासून पाठ होता. मुलगा वाद घालायला निघाला. मी त्याला म्हटले, “बाबांशी वाद नको; पण ताईंचा अपमान या घरात चालणार नाही, हे त्यांच्यादेखत शांतपणे सांग.” ताई दर दोन तासांनी त्यांची कूस बदलीत, टाचा आणि माकडहाडाजवळची त्वचा पाहत, हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगत. रविवारी त्यांचे गीतांचे पुस्तक त्या आठवणीने उशाशी ठेवीत. आजोबांची मते बदलली असे मी म्हणणार नाही. मात्र महिनाभराने एका दुपारी त्यांनी अडखळत सुनेला विचारले, “ती जेवली का?” त्यांना शय्याव्रण झाला नाही, याचे श्रेय माझ्या औषधांना नव्हते.

शोमरोन्याने केलेल्या गोष्टी क्रमाने पाहा. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. त्या काळी जखम धुण्याची आणि दाह शमवण्याची ती रीतच होती. पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. तुझे मत काय, हे कोठेही विचारले नाही. एकमत होण्याची वाट पाहिली असती तर तो माणूस वाटेतच मेला असता. आपल्या मराठी मुलखातही असे घर होऊन गेले. नारायण वामन टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर पुन्हा राहू लागल्या, तेव्हाही काही काळ त्यांचे सोवळे निराळे होते. श्रद्धा एक होण्याआधी संसार एक झाला.

दाखल्यात आणखी एक माणूस आहे, त्याची आठवण क्वचितच निघते. तो म्हणजे उतारशाळेचा मालक. दुसऱ्या दिवशी शोमरोनी पुढे गेला. शुश्रूषा मात्र चालू राहिली. काळजीवाहकांनो, तो मालक म्हणजे तुम्ही. जाताना शोमरोन्याने त्याला दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि अधिक खर्च झाल्यास परतताना देण्याचे वचनही दिले. दूर राहणाऱ्या भावंडांनी हे ध्यानात घ्यावे. केवळ दूरध्वनीवरून सल्ले देऊ नयेत. खर्चाचा वाटा उचलावा आणि वर्षातून काही दिवस स्वतः येऊन शुश्रूषा करणाऱ्याला पुरती झोप मिळू द्यावी. मदत मागणे म्हणजे प्रेमात उणे पडणे नव्हे. शोमरोन्यानेही भार एकट्याने वाहिला नाही.

रोगी असलेल्या खोलीत राजकारणाच्या बातम्या लावू नका. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला चढ्या आवाजाचा अर्थ राग असाच लागतो; म्हणून समोर बसून, सावकाश बोला. मी स्वतः रात्रीच्या प्रार्थनेत, ज्याचे नाव घेताना जीभ अडते, त्याचे नाव आधी घेते. राग लगेच जातो असे नाही. पण सकाळी त्या माणसाची नाडी पाहताना माझा हात कठोर राहत नाही.

आणि ज्येष्ठ वाचकहो, दया करण्याइतकेच ती घेणेही अवघड असते. तुम्हांला पाणी देणाऱ्या व्यक्तीला तिच्या नावाने हाक मारा. नाव ठाऊक नसेल, तर आजच विचारा.