जर्मनची होडी

आमच्या घरात अ‍ॅल्युमिनियम हा शब्दच नव्हता. जर्मन होतं. जर्मनचा टोप, जर्मनची चाळण, जर्मनचा पेला. पुढे भूगोलाच्या पुस्तकात जर्मनी भेटला तेव्हा तिथली माणसंही असल्याच टोपात भात शिजवत असणार, असं मी धरून चाललो होतो.

या भांड्यांसाठी आजीचा एकच कायदा होता. 'जर्मनात सार ठेव नको, ता भांड्याक खाता.' आमसुलाचं सार उरलं की मातीच्या मडक्यात जायचं. पण घरात दहा हात वावरणार, कुणीतरी विसरणारच. होता होता मोठ्या टोपाच्या तळाला खड्डे पडले आणि एक दिवस आईने तो उन्हात धरला, तर मधोमध एक चांदणी दिसली. सुईच्या अग्राएवढं भोक. गावात कल्हईवाला आला होता, त्याच्याकडे मी टोप घेऊन धावलो. त्याने तो उलटासुलटा केला, नखाने खरवडला आणि परत दिला. 'हेका डाग धरूचो नाय.'

टोप आजोबांच्या होडीत गेला, पाणी उपसायला. त्या कामाला एवढंसं भोक चालतं.

ती होडी माडांखाली बनताना मी पाहिली होती. सुताराकडे कागद नव्हता. डोळा, दोरी आणि कोळसा यांवर सगळं. फळ्यांच्या फटींत कापूस ठासला, वर राळ. तळाच्या मुख्य लाकडात खोबण करून आजीने तांब्याचा एक पैसा त्यात ठेवला आणि सुताराने वर लाकडाची चिप बसवली. पहिले काही दिवस होडी पाणी पीत राहिली. लाकूड फुगून फटी मिटेपर्यंत ती पिणारच, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मी टोपाने उपसत बसलो.

पुढे मोठेपणी माझी बावीस वर्षं जर्मनातच गेली, फक्त टोपाऐवजी विमानांच्या. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला एका विमान कारखान्यात मी रिव्हेट तपासायचो. विमानाचा पत्रा सहसा वेल्ड करत नाहीत. त्यात ताकदीसाठी तांबं किंवा जस्त मिसळलेलं असतं आणि वेल्डिंगच्या आचेला असा धातू तडकतो. म्हणून लाखो रिव्हेट. कल्हईवाल्याचं वाक्य मला तिथे बरेचदा आठवायचं.

हा धातू आचेने जोडला जाताना मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या पन्नाशीत, अ‍ॅनाकोर्टिसजवळच्या एका शेडमध्ये. प्युजेट साउंडच्या किनाऱ्याला मासे मारायला वेल्ड केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या होड्या फार. खडकाळ किनारे, पाण्यात वाहून आलेले ओंडके. फायबर जिथे फुटेल तिथे हा पत्रा पोचा घेऊन घरी येतो. मी चोवीस फुटी होडी सांगितली. मालकाने मे महिना कबूल केला होता. होडी सप्टेंबरात, २०१९ साली मिळाली. उशिराबद्दल मी कुरकुर केली ती रीत म्हणून. त्या उशिरापायी मला कितीतरी जास्तीचे शनिवार शेडमध्ये काढता आले.

पत्रे संगणकाच्या आराखड्यावरून कापून आले होते. ५०८६ जातीचे, म्हणजे मॅग्नेशियम मिसळलेले. तळाला पाव इंच, बाजूंना त्याहून पातळ. आधी सांगाडा उभा राहिला, आडवे पडदे आणि लांबीच्या पट्ट्या, आणि त्यावर पत्रा ओढून ठिकठिकाणी टाके. हे टाके घालताना वेल्डर एका जागी राहायचाच नाही. नाळेकडे बोटभर, मग मागे जाऊन बोटभर, मग पलीकडच्या बाजूला. मला आधी वाटलं, याला स्वस्थता नाही. पण हा धातू आच पटकन पसरवतो. एकाच बाजूने सलग शिवत गेलं की अख्खी होडी पापडासारखी वळते. कुठला टाका कितवा, ते त्याने पत्र्यावर खडूने आकडे घालून ठेवलं होतं. आजोबांच्या सुताराचा कोळसा इथे खडू झाला होता, एवढाच फरक.

टाक्याआधी तो प्रत्येक कड स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने घासायचा. तो ब्रश त्याने दुसऱ्या कुठल्याही धातूला कधी लावला नव्हता आणि मला हातात घेऊ दिला नाही. 'हवा लागली की याच्यावर साय धरते,' तो म्हणाला. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, त्याच्यावरची ही साय दोन हजारांच्या वर. आतला धातू पाणी होतो तरी वरची कातडी शाबूत. कल्हईवाल्याचा डाग का धरत नव्हता ते मला त्या शनिवारी कळलं, आणि आता सांगायला तो कुठे सापडणार!

लोखंड तापताना लाल होतं, पिवळं होतं, आपल्याला सावध करतं. हे काहीच करत नाही. चंदेरी ते चंदेरीच राहतं आणि एका क्षणात आरशासारखं थेंबभर तळं होतं. काचेमागून मी बघत असायचो. वेल्डर त्या तळ्याला तार भरवत पुढे सरकायचा, मागे एकावर एक कलत्या नाण्यांची रांग उमटत जायची.

सगळे सांधे झाल्यावर तपासणी. सांध्यावर लाल रंग लावला, थोडा वेळ मुरू दिला, पुसून काढला, वर पांढरी भुकटी फवारली. मिनिटभर काही नाही. मग उजव्या बाजूला, तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथे, पांढऱ्यावर कुंकवाच्या टिकलीसारखा एक ठिपका वर आला. सुईच्या अग्राएवढं भोक. वेल्डरने शिवी घातली, मी मात्र ओळखीचं माणूस भेटल्यासारखा हसलो. त्याला ते आवडलं नाही. त्याने तेवढा भाग खरवडून काढला आणि पुन्हा भरला.

एक गोष्ट मला त्या शेडमध्ये टोचत राहिली. एक किलो अ‍ॅल्युमिनियम गाळायला साधारण चौदा-पंधरा युनिट वीज लागते. माझ्या होडीत टनभर तरी धातू असेल. गावचं आमचं घर महिन्याला शंभर युनिट खातं. म्हणजे साडेबारा वर्षांची वीज मी सामन मारायला पाण्यात ढकलणार होतो. हा धातू गाळायचा धंदा या भागात आला तोच कोलंबिया नदीच्या स्वस्त विजेसाठी. बॉनव्हिल धरणापाठोपाठ १९४० साली पहिली भट्टी पेटली, युद्धाच्या विमानांना धातू पुरला. ग्रँड कूली धरण १९४२ मध्ये उभं राहिलं. त्याला माशांसाठी जिनाच ठेवला नव्हता, आणि वरच्या नदीत सामन जायचा बंद झाला तो झालाच. शेडच्या उत्तरेला फर्नडेलची भट्टी १९६६ पासून चालू होती. माझी होडी उतरली त्याच्या पुढच्या वर्षी तीही थंडावली. ज्या नद्या अडवून हा धातू गाळला त्याच नद्यांचा मासा पकडायला आम्ही त्याच्या होड्या करतो. मालकाला मी हे बोललो. तो म्हणाला, 'मग लाकडाची सांगायची होतीस.'

लाकडाची सांगितली असती तर आईचं तरी ऐकता आलं असतं. होडी उतरवायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला, 'तांब्याचो पैसो ठेय हां तळाक.' मी नारळ, हळदकुंकू आणि देवघरातला तांब्याचा गडू घेऊन शेडमध्ये गेलो. नारळाला मालकाची हरकत नव्हती. खिशातला पैसा पाहिला मात्र, आणि तो मधे येऊन उभाच राहिला. खारं पाणी, अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं एकत्र आलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. तळाशी पडलेलं तांब्याचं एक नाणं कालांतराने भोक पाडून बाहेर जातं. त्याच्या शेडमध्ये अमेरिकन सेंटसुद्धा खिशात ठेवायची बंदी होती, जरी १९८२ पासून तो सेंट आतून जस्ताचा आणि वरून नुसता तांब्याचा मुलामा दिलेला असला तरी. भांड्याक खाता, हेच तो इंग्रजीत सांगत होता. गडू मी गाडीत ठेवला आणि थर्मासच्या झाकणातून पाणी शिंपडलं.

होडीला रंग दिला नाही. तिथे बरेच जण देत नाहीत. ती साय बाहेरून धातूला राखते. पहिल्याच दिवशी एक सामन लागला, पण त्याच्या पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर शाबूत होता. म्हणजे जंगली. हॅचरीत वाढवलेल्यांचा तो पर कापलेला असतो आणि तिथे त्या दिवशी तेवढेच ठेवायची परवानगी होती. जंगली मासा होडीत घ्यायचाही नाही. पाण्यातच गळ सोडवला.

धक्क्यावर येऊन आईला व्हिडिओ कॉल लावला.

'रंग नाय लावलस? जर्मनच दिसता.'

'जर्मनच आसा.'

'मासो?'

'सोडलंय.'

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'पाणी उपसूक काय ठेवलंस?'

मी फोन फिरवून पंप दाखवला. डेकवर आलेलं पाणी आपोआप बाहेर जातं, तेही सांगितलं.

'आणि पंप बंद पडलो तर?'

परतताना वाटेतल्या दुकानात शिरलो. टोप काही मिळाला नाही. प्लॅस्टिकची बादली घेतली.