गैरहजर की नाव कमी?

मानखुर्दच्या शाळेत हजेरी घेताना मी एक पथ्य पाळलं. पोर आलं नाही तर ‘गैरहजर’; ‘नाव कमी’ मात्र दाखला नेल्यावरच.

ईमेलचंही तसंच आहे. १९८२ च्या एसएमटीपी नियमांपासून ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे तात्पुरती अडचण. पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार, पत्र लगेच परत.

माझ्या मैत्रिणीचा मेलबॉक्स नुसता भरला होता. तिकडच्या सर्व्हरने ५ चा आकडा कळवला. पत्ता बंद झाला समजून मी तो वहीतून खोडला. सहा महिन्यांनी तिचाच फोन, “रागावलीस का गं?”

भरलेला मेलबॉक्स उद्या रिकामा होऊ शकतो. तिथे ४ च हवा. ५ लिहायचा तो दाखला पाहूनच.