सत्त्याहत्तराव्या रेघेवरचं हिंगोली

१९९६ साली अमेरिकेत अलेक्स जॅरेट यानं एक नादिष्ट खेळ सुरू केला. अक्षांश आणि रेखांश जिथं पूर्ण अंशात छेदतात, तिथं प्रत्यक्ष जायचं, चारी दिशांचे फोटो काढायचे आणि वाट कशी सापडली ते लिहून ठेवायचं. पृथ्वीवर माणूस कुठंही असो, असा एखादा बिंदू त्याच्यापासून ७९ किलोमीटरच्या आत असतोच. हिंगोली शहराला जवळचा बिंदू, २० उत्तर ७७ पूर्व, रिसोड आणि वाशीमच्या दरम्यान पडतो.

बिंदू शेजारी गेला, तरी रेघ हिंगोलीची आहे. ७७ पूर्व रेखांश जिल्ह्यातून उभा जातो, औंढा नागनाथच्या मंदिरापासून पश्चिमेला जेमतेम ४ किलोमीटरवरून. हीच रेघ वर पानिपताजवळून आणि खाली कोइमतूरजवळून जाते. जमिनीवर तिची खूण नाही की पाटी नाही. मोबाइलवर आकडे लावून बांधाबांधानं चालू लागलं, की दर दहा मीटरला चौथा दशांश सरकतो. ७६.९९९७, ७६.९९९८... एवढ्यात बोरीचं झुडूप आडवं येतं, पुढं ओढा. उभ्या तुरीतून तर जायचंच नाही. वळसा घ्यावा लागतो, आखाड्यावरच्या माणसाला "मामा, इकडून जाऊ का?" असं विचारावं लागतं. मामा वाट सांगतात, पण आधी गाव विचारतात.

या रेघेच्या आजूबाजूला केवढा मुलूख दाटला आहे! संत नामदेवांची नर्सी तिच्याजवळच, कयाधूच्या काठी. औंढ्याला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं, असं लोक सांगतात. आणि औंढ्याच्याच तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा ठरली आहे. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, विश्वातल्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी. केंद्रानं २०२३च्या एप्रिलमध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ज्या जिल्ह्याला पर्यटनाच्या पुस्तकात औंढ्यापुढं फारशी जागा मिळत नाही, तिथं पायी फिरणाऱ्याला एका दिवसात तेरावं शतक आणि एकविसावं शतक दोन्ही भेटतात.

रेखांश नको वाटला तर गाव नकाशा आहेच, आणि खरं तर तोच जास्त रंगतो. भूमी अभिलेखच्या नकाशावर तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. कागदावर ही वाट ठळक असते. शिवारात मात्र कुठं ती चिखलात रुतलेली, कुठं बाभळींनी गिळलेली, तर कुठं दोन्ही बाजूंनी नांगर चढत चढत सरीएवढी उरलेली. शाळेच्या पोरांनी आपल्या गावची एकेक तुटक रेघ चालून पाहिली, तर भूगोलाच्या तासाला वेगळा खडू लागणार नाही. मास्तरांनी फक्त सोबत पाणी न्यावं, आणि शेतकऱ्याची परवानगी आधी घ्यावी.

पावसाळ्यात इथली काळी माती चप्पल सोडत नाही. त्यामुळं सोयाबीन निघालं, वाटा वाळल्या, की निघावं. जिथं नकाशातली वाट जमिनीवर सापडणार नाही, तिथं गट नंबर टिपावा आणि ती नोंद ग्रामपंचायतीत नेऊन द्यावी.