ढोलकीवर कोण होतं?

सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय आहे. वस्तीतल्या मुलांना घेऊन आम्ही तिथं जात असतो. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू बघत बघत मुलं पुढं सरकतात आणि व्हायोलिनपाशी हमखास थांबतात. पुस्तकं, कोट, चष्मा त्यांना माहीत असतं, व्हायोलिन माहीत नसतं. कामाच्या एवढ्या रगाड्यातही बाबासाहेब हे वाद्य शिकले, असं आम्ही सांगतो. मागच्या खेपेला सातवीतल्या एका पोरीनं विचारलं, "मग आपल्यात कुणी हे ऐकत का नाही?"

प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून एका ओळखीच्या निवृत्त गृहस्थांनी बोलावल्यावर आम्ही तिघं कार्यकर्ते त्यांच्या रविवारच्या बैठकीला गेलो. डेक्कनच्या बाजूचा जुना बंगला, आठ-दहा माणसं, भिंतभर रेकॉर्डी. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राची एकच रचना वेगवेगळ्या वादकवृंदांकडून ऐकायची आणि कुणाचं वादन सरस यावर वाद घालायचा, असा यांचा अनेक वर्षांचा शिरस्ता.

त्या दिवशी ड्वोर्झाकची 'न्यू वर्ल्ड' सिम्फनी होती. तिचा संथ दुसरा भाग तीन मुद्रणांतून ऐकला. बर्लिनच्या वादकांचं फ्रिचायनं केलेलं १९५९चं, व्हिएन्नाच्या वादकांचं केर्तेझचं १९६१चं आणि पुन्हा बर्लिनचंच, पण कुबेलिकचं १९७२चं. त्या भागात इंग्लिश हॉर्न नावाचं वाद्य एकटंच एक सुरावट वाजवतं. आपल्या सनईसारखंच पत्ती ओठात धरून फुंकायचं, पण आवाज खालचा आणि दबका. आम्ही तिघंही गप्प झालो. कळण्या-न कळण्याचा प्रश्नच नव्हता, ते सरळ आत शिरत होतं.

मग चर्चा सुरू झाली. एकाला फ्रिचायची संथ लय पसंत, दुसरा केर्तेझच्या पितळी वाद्यांच्या खणखणाटावर फिदा. तिसऱ्याचं म्हणणं, कुबेलिक हा ड्वोर्झाकच्याच चेक मुलखातला, म्हणून त्यात घरचेपणा येतो. मुद्रण कोणत्या हॉलमध्ये झालं, मायक्रोफोन कुठं लावले होते, इथपर्यंत माहिती. खोटं कशाला बोला, आम्ही थक्क झालो.

चहा आला तेव्हा एकानं अगदी प्रेमानं विचारलं, "तुम्हाला याची आवड कशी काय लागली?" खोलीतल्या दुसऱ्या कुणालाच हा प्रश्न विचारला गेला नव्हता. पाठोपाठ दुसरे म्हणाले, "कान घरातूनच यावा लागतो हो." समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही पिएर बोर्द्यू वाचला होता. १९७९ साली त्यानं फ्रान्समधल्या लोकांच्या आवडीनिवडींचा अभ्यास मांडला. माणसाची 'अभिरुची' वर्गातून आणि शिक्षणातून घडते आणि मग जन्मजात गुण म्हणून मिरवली जाते, हा त्याचा निष्कर्ष. वाचलेलं ते सगळं त्या चहाच्या कपात उतरलेलं दिसलं. पुण्यात या भांडवलाला 'संस्कार' म्हणतात आणि त्याचा सातबारा कुणाच्या नावावर आहे हे आपल्याला सांगायला नको.

आम्ही भांडलो नाही. फक्त विचारलं, हॅरी बर्ली हे नाव इथं कुणी घेतलं का?

ड्वोर्झाक १८९२ साली न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक होऊन अमेरिकेत गेला. जेनेट थर्बर या बाईंनी काढलेल्या त्या संस्थेत कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना प्रवेश होता. तिथं शिकणारा बर्ली हा गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाचा नातू. आजोबांकडून ऐकलेली गुलामांची भक्तिगीतं तो ड्वोर्झाकला गाऊन दाखवायचा. अमेरिकेचं पुढचं संगीत या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या पायावरच उभं राहायला हवं, असं ड्वोर्झाकनं मे १८९३ मध्ये वर्तमानपत्रातून जाहीर सांगितलं. त्याच वर्षी १६ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली.

यजमान म्हणाले, "पण सुरावटी त्याच्या स्वतःच्याच आहेत. संगीतात हे वंश, जात कशाला?" सुरावटी ड्वोर्झाकच्याच आहेत, हे आम्हालाही मान्य. पण आपण कुणाकडून ऐकलं हे त्यानं लपवलं नव्हतं. खाटीक आणि खानावळवाल्याचा हा पोरगा, त्याला ते सांगायची लाज वाटली नाही. लपवतो तो श्रोता. मायक्रोफोनच्या जागेला तुमच्या चर्चेत जागा आहे, बर्लीच्या नावाला नाही, ती का? आणि वंशाचा विषय नको म्हणता, तर कुबेलिकच्या वादनातला 'घरचेपणा' मघाशी कुठून आला होता?

आपल्या वाचकांसाठी इथं एक जोड द्यायला हवी. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा हा बर्ली त्याच न्यूयॉर्कमधल्या एका चर्चमध्ये गात होता. ज्या डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं, त्यांनी १९०३च्या आपल्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर गुलामांच्या गाण्यांच्या ओळी स्वरलिपीत छापल्या आणि शेवटचं प्रकरण त्या गाण्यांवरच लिहिलं. डू बॉइस यांच्या लेखी ती गाणी आपल्या लोकांचा इतिहास होती.

आम्ही हे बोललो आणि मनातून थोडे खूशही झालो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मग पुढच्या रविवारी वामनदादा कर्डकांचं एखादं गाणं आणा. दोन-तीन जणांनी गायलेलं असेल तर फारच छान. मुद्रण कधीचं, कुठं झालं, ढोलकीवर कोण, तेही सांगा."

बाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता, कुतूहल होतं. म्हणूनच ते जास्त लागलं. कारण आमच्याकडं उत्तर नव्हतं.

घरी येऊन पत्र्याच्या पेट्या उघडल्या. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीतं घराघरांत पोचली. आमच्या आयांनी पैसे साठवून त्या घेतल्या होत्या. आता काहींच्या फितीवर बुरशी, काही चिकटलेल्या. वेष्टनावर गायकाचं नाव मोठं, फोटो रंगीत. गीतकाराचं नाव कुठं आहे, कुठं नाही. कोरसमधल्या बायकांची नावं नाहीत. ढोलकीवाल्याचं तर नाहीच. रस्त्यावरच्या कार्यक्रमांत कुणी टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या कॅसेटींवर बॉलपेननं एवढंच लिहिलेलं: 'जयंती'. कोणत्या सालची जयंती?

बर्लीचं नाव गाळलं म्हणून आम्ही बंगल्यात आवाज चढवला होता. इकडं आमच्याच पेटीत किती बर्ली नावाशिवाय पडले होते.

यावर आपल्यातलाच एक आक्षेप येईल. वाद्यं वाजवणं हे आपल्यावर लादलेलं गावकीचं काम होतं, १९५६ नंतर आपल्या माणसांनी वाजवणं सोडलं, मग आता हे कौतुक कशाला? आक्षेपाचा पहिला भाग अगदी खरा आहे. गावच्या देवापुढं हुकमावर वाजवणं सोडलं ते योग्यच केलं. पण त्याच्याही आधी, १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी ढोलकी घेऊन आंबेडकरी जलसे उभे केले आणि बाबासाहेबांचा विचार अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत नेला. सोडली ती गुलामी, सूर सोडला नव्हता. आणि ज्या समाजाकडं दप्तर नव्हतं, त्यानं आपला इतिहास गाण्यात ठेवला. ते गाणं बुरशीला देणं म्हणजे दप्तर जाळणंच.

म्हणून आम्ही विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर ऐकायला बसू लागलो. पहिल्या बैठकीला वामनदादांचं एकच गाणं दोन गायकांच्या आवाजात लावलं. वाटलं होतं, लोक टाळ्या वाजवून उठतील. पण वाद जुंपला! एका मावशीचं म्हणणं, दुसऱ्यानं चाल फिल्मी केली, शब्द गिळले. कॉलेजातली पोरं म्हणाली, पण ठेका त्याचाच पायात उतरतो. मागं भिंतीला टेकलेले एक आजोबा डोळे मिटून ऐकत होते. पहिलं गाणं पुन्हा लावायला सांगितलं आणि म्हणाले, "हा हात मला माहिताय." त्यांनी ढोलकीवाल्याचं नाव सांगितलं, वस्ती सांगितली, कोणत्या साली वारले ते सांगितलं. आम्ही ते वहीत लिहून घेतलं. कान घरातून यावा लागतो म्हणे. आला की, आमच्याच घरातून.

तरुण मित्रांनो, भाषणं आपण पुष्कळ ठोकतो, आता एक बारीक काम करा. आपल्या वस्तीतल्या कॅसेटी गोळा करा. बुरशी दिसली तर लगेच डेकमध्ये घालू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या, मग संगणकावर उतरवा. प्रत्येक गाण्यापुढं लिहा: गीतकार, गायक, कोरस, ढोलकी, पेटी, जागा, साल आणि कॅसेट कुणी दिली. हात ओळखणारे आजोबा आहेत तोवर हे करा. फीत साफ करता येते, पण गेलेला माणूस परत विचारता येत नाही.

आणि त्यांच्या बैठकीत जायचंच नाही, असंही करू नका. ड्वोर्झाक ऐका, बिनधास्त मत द्या, तो कुणाच्या बापजाद्यांचा नाही. आमच्या वहीत आज एकवीस गाणी आहेत, त्यांतल्या नऊ गाण्यांपुढं ढोलकीवाल्याचं नाव आहे. येत्या रविवारी ती वही आणि दोन कॅसेटी घेऊन आम्ही पुन्हा त्या बंगल्यात चाललो आहोत. सोबत ती सातवीतली पोरगी आहे.

जय भीम!