उघडीं चाकें

दुर्दैव हा शब्द आपण मराठी माणसें मोठ्या गंभीरपणें वापरतों. तो उच्चारतांना आवाज आपोआप खालीं येतो. कुणाचें घर बसलें, कुणाचा कर्ता मुलगा गेला, कीं त्या घराच्या दाराशीं आपण हा शब्द ठेवून येतों. इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूंच्या तोंडीं मात्र याच अर्थाचे दोन शब्द इतके हलके झालेले आहेत कीं चेंडू यष्टीला चाटून गेला तरी ते 'बॅड लक' म्हणून मोकळे होतात. आपण दैवाला भितों आणि ते दैवाशीं खेळतात, एवढाच यांतला फरक आहे अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. परंतु गेल्या कांहीं वर्षांत भाच्याच्या निमित्तानें हौशी मोटार-शर्यतींच्या मैदानावर उन्हांत उभें राहण्याचे प्रसंग मजवर आले, आणि तेथें हे शब्द एका तिसऱ्याच कामाला लावलेले मला आढळले. तें काम कोणतें हें सांगण्यापूर्वीं त्या गाड्यांची थोडी ओळख करून दिली पाहिजे.

या गाड्या आपल्या रस्त्यावरच्या मोटारींसारख्या नसतात. एक माणूस जेमतेम कलंडून बसूं शकेल एवढें अरुंद धड, आणि त्या धडापासून दूर, लोखंडी भुजांच्या टोकांवर धरलेलीं चार चाकें. चाकांवर पत्रा नाहीं, मडगार्ड नाहीं, कसलेंहि आवरण नाहीं. घरच्या मोटारीला शेजारच्या मोटारीचा धक्का लागला तर पत्रा चेपतो, रंग जातो आणि दोन्ही मालकांचे आवाज चढतात. बहुधा तेवढ्यावर भागतें. उघड्या चाकांच्या गाडीचें तसें नाहीं. पुढें धांवणाऱ्या चाकाची पुढची कड नेहमीं खालीं येत असते आणि मागची कड वर जात असते. पुढच्या गाडीच्या मागल्या चाकाला मागच्या गाडीचें पुढलें चाक टेकलें, कीं खालीं येणारी कड वर जाणाऱ्या कडेला भिडते, आणि मागची गाडी जिन्याची पायरी चढावी तशी त्या चाकावर चढून हवेंत जाते. हें सृष्टिनियमानें घडतें. यांत दैवाचा कांहीं संबंध नाहीं. पण तीं दोन चाकें एकमेकांना टेकणार, कीं चार बोटांचें अंतर राखून निसटणार, हें मात्र कोणत्याहि नियमांत आधीं लिहिलेलें सांपडत नाहीं. ताशीं १४४ किलोमीटर वेगानें धांवणारी गाडी एका सेकंदांत ४० मीटर जाते. पुढें कांहीं विपरीत दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत पाव सेकंद जरी गेला, तरी तेवढ्यांत ती १० मीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या जवळजवळ तिप्पट, पुढें गेलेली असते. तेव्हां या खेळांत माणसाचें दैव त्याच्या स्वतःच्या कपाळावर नसून शेजाऱ्याच्या चाकावर लिहिलेलें असतें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

असला खेळ केवळ धनिकांचा असता, तर मीं त्याविषयीं लिहिण्याच्या भरीस पडलों नसतों. पण याची एक शाखा पहिल्यापासून स्वतःचे हात काळे करणाऱ्या माणसांची आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर, १९४६ सालीं, इंग्लंडांत पेट्रोल अजून मोजून मिळत होतें. त्या दिवसांत कांहीं हौशी मंडळींनीं मोटारसायकलचीं ५०० सी.सी.चीं इंजिनें बसवून चिमुकल्या शर्यतीच्या गाड्या बांधण्यास आरंभ केला. सर्बिटन येथील गॅरेजवाले चार्लस् कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनीं फियाटच्या दोन लहान मोटारींचे पुढचे भाग एकमेकांना जोडले आणि आपली पहिली गाडी सिद्ध केली. तिचें इंजिन चालकाच्या पाठीमागें होतें आणि मागल्या चाकांना गति साखळीनें मिळे. ती साखळी तुटणें हें त्या पिढीचें नित्याचें दुर्दैव. युद्धासाठीं बांधलेलीं विमानतळें रिकामीं पडलीं होतीं, त्यांवर शर्यती होऊं लागल्या. आपल्याकडेहि मद्रासजवळ शोलावरम् येथील युद्धकालीन धावपट्टीवर मोटारी धांवूं लागल्या, आणि १९५३ सालीं मद्रास मोटार स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला. पुढें कोइमतूरच्या एस. करिवर्धन् यांनीं मारुति ८०० चें इंजिन वापरून 'फॉर्म्युला मारुति' ही गाडी तयार केली, आणि एरवीं ज्यांना हें स्वप्नहि परवडलें नसतें अशा कित्येक तरुणांना एका आसनाच्या गाडींत बसावयास मिळालें. हे करिवर्धन् १९९५ सालीं वारले, ते शर्यतींत नव्हे, विमानाच्या अपघातांत. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयम् येथें २००३ सालीं सुरू झालेल्या शर्यतीच्या मार्गाला त्यांच्या स्मरणार्थ 'करी मोटार स्पीडवे' असें नांव दिलेलें आहे. माझा भाचा धांवतो तो याच मार्गावर.

भाचा कोल्हापूरचा. तेथील उद्यमनगरांत एका कारखान्यांत तो नोकरी करतो, आणि वर्षभर शिल्लक टाकलेला पगार दोन-तीन शर्यतींत घालवितो. गाडी त्याची स्वतःची नाहीं. एका संघाकडून ती भाड्यानें घेतलेली असते. मारुति-सुझुकीचें १३०० सी.सी.चें इंजिन असलेली ही 'एलजीबी फॉर्म्युला ४' गाडी सर्वांना एकाच नमुन्याची मिळते. हार-जीत पैशावर न ठरतां कौशल्यावर ठरावी, हा त्यांतला हेतु. हेतु चांगलाच आहे. पण कौशल्याला न जुमानणाऱ्या क्षुल्लक गोष्टी किती असतात, याची एक यादी मीं तेथें उभ्या उभ्या केली आहे. रेडिएटरच्या जाळींत शिरलेला खडा, कंपनानें सैल झालेली एखादी तार, गिअरच्या दांड्याची गळून पडलेली पिन, दुसऱ्याच्या इंजिनांतून सांडलेल्या तेलाचा पट्टा, निम्म्याच मार्गावर पडून गेलेली पावसाची सर. यांपैकीं कोणत्याहि एकीनें शर्यत संपते, आणि निकालाच्या तक्त्यावर नांवापुढें 'डीएनएफ' हीं तीन अक्षरें उमटतात. शर्यत पुरी केली नाहीं, एवढाच त्यांचा अर्थ. कां केली नाहीं, हें तक्ता विचारीत नाहीं. विमा कंपनीहि विचारीत नाहीं, कारण मोटारीच्या नेहमींच्या विम्यांतून शर्यतींतलें नुकसान वगळलेलेंच असतें. जें मोडेल तें चालविणाऱ्यानें आपल्या खिशांतून भरून द्यावयाचें.

भाचा निघतो तेव्हां त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, अंबाबाईच्या कुंकवाची एक पुडी त्याच्या हातावर ठेवते. गाडींत कोणतीहि सुटी वस्तु असतां कामा नये असा तपासनिसांचा कडक नियम असल्यामुळें ती पुडी हत्यारांच्या पेटींत, पान्ह्यांच्या शेजारीं, राहते.

अशाच एका मोसमांतल्या शनिवारीं भाचा पांचव्या जागेवरून सुटला. पहिल्याच वळणावर त्याच्या मागच्या गाडीचें पुढलें चाक त्याच्या डाव्या मागल्या चाकाला टेकलें. जें शास्त्र मीं वर सांगितलें, तें सारें डोळ्यांसमोर एका निमिषांत घडलें. मागची गाडी उडाली, त्याच्या गाडीच्या शेंपटावरून पलीकडे गेली आणि खडीच्या पट्ट्यांत आदळली. भाच्याची गाडी दोनदां गरगर फिरून धुळींत दिसेनाशी झाली. धूळ खालीं बसण्यास फार वेळ लागला नसावा. पण त्या अवधींत माझ्या मनांत आक्काला कोणत्या शब्दांत कळवावयाचें याची वाक्यें तयार होऊं लागलीं होतीं. मग एक हेल्मेट हाललें, मागून दुसरें हाललें, आणि दोघेहि आपापल्या पायांनीं बाहेर आले.

अर्ध्या तासानें मागच्या गाडीचा चालक, चेन्नईचा एक विशीतला मुलगा, हेल्मेट हातांत घेऊन आमच्या तंबूंत आला आणि मान खालीं घालून उभा राहिला. भाच्यानें त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलें, "बॅड लक!" बस्स, एवढेंच. वर्षाची शिल्लक त्या एका वळणावर मातींत गेली होती, आणि हा तिच्यावर दोन शब्दांची मूठभर फुलें टाकून मोकळा झाला! मला नवल वाटलें. तो मुलगा गेल्यावर मीं विचारलें, "अरे, त्यानें ब्रेक उशिरां लावला हें आम्हांला लांबून दिसलें. मग याला दैव कसें म्हणतोस?"

"मामा, त्याच्यापुढें तिसरा आडवा आला होता," भाचा म्हणाला, "आणि तो तिसरा कां आडवा आला, हें तुम्हांला कुठें दिसलें?"

मला महाभारतांतलें सर्वांत प्रसिद्ध चाक आठवलें. कर्णाच्या रथाचें चाक ऐन युद्धांत भूमीनें गिळलें, याला दुर्दैव म्हणण्याची आपली वहिवाट आहे. व्यासांना मात्र ती मान्य नसावी. त्यांनीं त्या चाकामागें एका ब्राह्मणाचा शाप ठेवला, त्या शापामागें नकळत मारली गेलेली गाय ठेवली; आणि कर्ण धर्माची आठवण देऊन क्षणभर अवधि मागूं लागला, तेव्हां श्रीकृष्णाच्या तोंडून त्याच्या एकेका कृत्याचा हिशेब वाचून दाखविला. त्या ग्रंथांत निष्कारण अपघात होत नाहीं. प्रत्येक खड्ड्याला पूर्वचरित्र असतें. कर्णाला न मिळालेला अवधि शर्यतीच्या मार्गावर मात्र सर्वांना मिळतो. कुणाची गाडी अडकली कीं तेथें पिवळें निशाण हालूं लागतें, आणि त्या टापूंत कुणीहि कुणाला मागें टाकावयाचें नाहीं असा नियम आहे. पण हिशेबाचें काय? ज्यानें नुकसान केलें त्याला श्रीकृष्णासारखा जाब विचारावा, हेंच मला त्या दुपारीं स्वाभाविक वाटत होतें.

हिशेब झाला, पण तो संध्याकाळीं, आणि निराळ्या आरोपींचा. दिवे लागल्यावर भाचा व दोन कारागीर गाडीखालीं शिरले. चाकाला धडाशीं जोडणारी भुजा, जिला ते विशबोन म्हणतात, ती वांकून गेली होती. ती काढून तिचा प्रत्येक सांधा दिव्याशीं धरून पाहण्यांत आला. वांक कोठून सुरू झाला, सांध्याला चीर होती ती धक्क्यानें पडली कीं आधींचीच होती, उजव्या बाजूच्या भुजेला तसलीच चीर आहे काय, कोणत्या बोल्टाचे आटे घासले आहेत, एकहि प्रश्न सोडला नाहीं. मी दोन तास तेथें एका उलट्या टायरवर बसून होतों. त्या दोन तासांत 'बॅड लक' हे शब्द कुणाच्याहि तोंडून निघाले नाहींत. निघाले असते तर, मला वाटतें, त्या हेडमिस्त्रीनें बोलणाऱ्याला बाहेर घालविलें असतें.

आठाच्या सुमारास तोच चेन्नईचा मुलगा पुन्हां आला. त्याच्या संघाजवळ एक शिल्लक भुजा होती, आणि सर्व गाड्या एकाच नमुन्याच्या असल्यानें ती आमच्या गाडीला बिनचूक बसली. ज्या गाडीनें आमचें चाक मोडलें, तिच्याच घरचें हाड आमच्या गाडींत आलें. रविवारीं सकाळीं दोघेहि सुटले, एक पुढच्या ओळींत आणि एक लगेच मागच्या. भाचा सातवा आला.

मग मला त्या दोन शब्दांचें काम उमगलें. ते दैवाचें वर्णन करण्यासाठीं उच्चारलेले नव्हतेच. ते त्या मुलाला परत पाठविण्यासाठीं होते. दुसऱ्या दिवशीं याच मुलाचें चाक आपल्या चाकापासून चार बोटांवरून जाणार आहे, आणि तें नीट जावें याची हमी त्याच्या मनांत आपल्याविषयीं जें असेल त्यावांचून दुसरी कोणतीहि नाहीं. अशा ठिकाणीं एकमेकांचे हिशेब वह्यांत लिहून ठेवूं लागलें, तर पहिल्या वळणाचें कुरुक्षेत्र व्हावयास किती वेळ लागणार? म्हणून तेथें माणसाला दैव लावतात आणि यंत्राला कारण. आपण संसारांत बहुधा याच्या उलट करतों. बिघडल्या वस्तूविषयीं 'नशीबच खोटें' म्हणून स्वस्थ बसतों, आणि माणसाच्या अपराधाचीं पाळेंमुळें तीन पिढ्या मागें जाऊन खणून काढतों.

परंतु हें सौजन्य कितीहि मोठें असलें तरी त्यानें चाक थांबत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. १९ जुलै २००९ रोजीं इंग्लंडांत ब्रँड्स हॅच येथें तरुण चालकांच्या फॉर्म्युला टू वर्गाच्या शर्यतींत एक गाडी कडेला आदळून तिचें चाक निखळलें. तें उसळ्या घेत मार्गावर परत आलें आणि त्याच क्षणीं तेथून जाणाऱ्या हेन्री सर्टीझ् या अठरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर आदळलें. त्याची कांहीं चूक नव्हती. एका सेकंदाचा दशांश इकडे किंवा तिकडे झाला असता तर तो वांचता. त्याचे वडील जॉन सर्टीझ् हे मोटारसायकल आणि मोटार या दोन्ही प्रकारांत जगज्जेते झालेले एकमेव पुरुष. स्वतः सर्व धोक्यांतून पार पडलेल्या त्या बापाच्या वांट्याला हें आलें. येथें 'बॅड लक' हे शब्द पुरत नाहींत. येथें आपला जुना, जड, मराठी शब्दच पाहिजे. पण तो बापहि तेथें थांबला नाहीं. त्यानें मुलाच्या नांवें एक संस्था काढली आणि अपघातांत सांपडलेल्यांच्या उपचारांसाठीं पैसा उभा केला. शर्यतींचे नियम करणाऱ्यांनींहि कारणांचा पिच्छा सोडला नाहीं. २०११ पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांत प्रत्येक चाकाला एकाऐवजीं दोन मजबूत दोर आले, आणि २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोंवतीं 'हॅलो' नांवाचें संरक्षक कडें आलें. हौशी वर्गांतल्या बहुतेक जुन्या गाड्यांना तसलें कडें नाहीं, हें मला ठाऊक आहे. आक्काला मीं तें अद्याप सांगितलेलें नाहीं.

बाकी सारें मात्र तिला सांगितलें. कोल्हापुरास परत आल्यावर तिनें शांतपणें ऐकून घेतलें. चेन्नईच्या त्या मुलाचें नांव विचारलें, त्याच्या घरीं कोण कोण आहे तें विचारलें. चूक कुणाची, हें विचारलें नाहीं. पुढच्या शर्यतीला निघतांना तिनें भाच्याच्या हातावर दोन पुड्या ठेवल्या.

"दुसरी कुणाची?" त्यानें विचारलें.

"त्या पोराला नेऊन दे," आक्का म्हणाली. "तुझ्या मागून तोच येणार ना?"