पाखरांची रोजी

पिंपरी-चिंचवडला आपण उद्योगनगरी म्हणतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, पुढे टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली आणि भोसरीपासून निगडीपर्यंत शेडची रांगच लागली. बीड, लातूर, उस्मानाबाद, सोलापूर अशा भागांतून माणसे पोटासाठी इथे आली. त्यांत आपलीही होती. गावाकडे अंगणात कोंबड्या, छपरावर कबुतरे असायची. इथे अंगण राहिले नाही, छप्पर घरमालकाचे झाले. मग गॅलरीत एक पिंजरा आला. त्यात मातीचे मडके टांगले गेले आणि आपण ज्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतो ती हिरवी-पिवळी ऑस्ट्रेलियन पाखरे, म्हणजे बजरीगर, आपल्या वस्त्यांतून किलबिलू लागली.

तोवर तो नाद होता. नादाला कोणी हिशेब विचारत नाही. पण नोकरीचे स्वरूप बदलले तसा या नादाकडे बघण्याचा डोळाही बदलला. २००७ साली बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातले उत्पादन थांबले. त्याच सुमारास चाकणचा माळ मोटारींच्या कारखान्यांनी भरू लागला होता. कारखाने वाढले, पण आमच्या पिढीला माहीत असलेली ‘पर्मनंट’ नोकरी मात्र वाढली नाही. ठेकेदाराचा माणूस, सहा-सात महिन्यांनी ब्रेक, पुन्हा नवा ठेकेदार, पुन्हा नवा गेटपास. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये ज्यांना कोणी कामावरून काढलेही नाही आणि ठेवलेही नाही, असे हजारो तरुण घरी बसले. तेव्हापासून आपल्या मोहल्ल्यांत एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: पाखरांच्या पैदाशीवर घर चालेल का?

हा प्रश्न माझ्या घरात आला तो आपाच्या मुलामुळे. तो चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करतो. दोन लेकरे आहेत, खोलीचे भाडे आहे. एका रविवारी तो आला आणि म्हणाला, “मामू, नोकरी सोडावी म्हणतो.”

“आणि करणार काय?”

“पाखरं. वीस जोड्यांनी सुरुवात करतो. गच्चीवर पत्रा टाकायला मालक तयार आहे. कुणाची गुलामी नाही, शिफ्ट नाही.”

“लिहून आणलंस का काही?”

त्याने खिशातून कागद काढला. मला बरे वाटले. आयुष्यभर एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये वह्या सांभाळल्यामुळे मी तोंडी हिशेबाला घाबरतो.

त्याचा कागद असा होता. जोडी वर्षातून तीनदा अंडी घालते. एका वेळी चार ते सहा अंडी, त्यातली चार पिल्ले धरू. म्हणजे जोडीमागे बारा आणि वीस जोड्यांची २४० पिल्ले. एक पाखरू ३०० रुपयांना, तर वर्षाचे ७२,००० आणि महिन्याचे ६,०००. पुढच्या वर्षी जोड्या दुप्पट, मग चौपट. कागदावर पाखरे फार लवकर वाढतात.

मी म्हटले, “३०० हा भाव कुणाचा?”

“दुकानातला.”

“दुकानात विकायला तू बसणार आहेस का?”

तो चार-पाच दुकानांत फिरून आला. दुकानदार निम्म्याच्या वर द्यायला तयार नव्हता, आणि त्याचेही चूक नव्हते. त्याला भाडे आहे, मरतूक आहे, न खपलेले पाखरू रोज दाणे खाते. मग आम्ही दोघांनी कागद पुन्हा मांडला. भाव दुकानागणिक आणि हंगामागणिक बदलतात. हे आकडे फक्त आमच्या कागदावरचे आहेत, पण मांडणी कुणालाही वापरता येईल.

२४० पिल्लांतली ४० गळाली असे धरले. काही अंडी पोकळ निघतात, काही पिल्ले मडक्यातच मरतात, काही पायाने अधू होतात. उरली २००. प्रत्येकी १५० रुपये धरून वर्षाचे ३०,०००, म्हणजे महिन्याला २,५००. आता खर्च. मोठे पाखरू दिवसाला साधारण दहा ग्रॅम दाणे खाते आणि सांडते. चाळीस मोठी पाखरे आणि विक्रीची वाट पाहणारी सरासरी चाळीस पिल्ले, म्हणजे महिन्याला २४ किलो राळे-बाजरी. ६० रुपये किलोने १,४४० रुपये. पालेभाजी, समुद्रफेस, कॅल्शियम, औषध यांचे ३०० रुपये. हातात उरले ७६०. पिंजरे, मडकी, पत्रा, पहिल्या जोड्या यांचे भांडवल यात धरलेलेच नाही.

“आणि मजुरी?” मी विचारले.

“मजुरी कसली, घरचंच काम.”

हे ‘घरचंच काम’ कोण करणार होते? सूनबाई. रोज पाणी बदलायचे, तळाचे पत्रे खरवडायचे, दाण्याचा भुसा फुंकून काढायचा, मडक्यात हात घालून पिल्ले पाहायची. दिवसाचा दीड तास धरला तर महिन्याचे ४५ तास होतात. ७६० रुपयांना ४५ ने भागले तर तासाला सतरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. आपल्याकडे विडी, गोधडी, शिलाई, पापड असे पुष्कळ घरगुती धंदे नफ्यात दिसतात, ते बाईच्या कामाचे मोल शून्य धरल्यामुळे. पाखरांचा धंदाही त्याच रांगेतला आहे.

महिन्याला १५,००० रुपये सुटायचे असतील तर याच हिशेबाने जोड्या लागतील जवळपास ४००. म्हणजे ८०० मोठी पाखरे, तितकीच पिल्ले, त्यांचा पहाटेपासूनचा कलकलाट, भुसा, पिसे आणि वास. तेवढी जागा घ्यायची तर भाडे आले, भाडे आले की पुन्हा हिशेब मोडला. आणि जागा मिळालीच, तरी वर्षाला निघणारी चार हजार पाखरे घेणार कोण?

माझ्या मते साऱ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. लेकरासाठी पाखरू घेणारे गिऱ्हाईक एकदा जोडी घेते. ती जोडी नीट सांभाळली तर पाच-सात वर्षे जगते. ते गिऱ्हाईक पुन्हा लवकर येत नाही. मग जास्त भाव देऊन ‘ब्रीडिंग जोडी’ मागतो तो कोण? तो बहुधा माझ्या भाच्यासारखाच एखादा तरुण असतो, ज्याला स्वतः पैदास करून विकायचे आहे. नवे पैदासकार येत राहतात तोवर भाव टिकतो. ते यायचे थांबले की प्रत्येकाच्या गच्चीवर पाखरे आणि विकत घ्यायला कोणी नाही. नव्या रंगाच्या पाखराचेही तेच. पहिल्या वर्षी ज्याच्याकडे तो रंग असतो तो कमावतो, आणि त्याच्याकडून घेऊन दहा जणांनी पैदास केली की तो रंगही साध्या हिरव्याच्या भावात येतो. या साखळीत दरमहा पैसा मिळतो तो दाणेवाल्याला आणि पिंजरेवाल्याला.

हे आपल्या राज्याने मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. इमूपालनाची लाट आली तेव्हा महाराष्ट्रातल्या कित्येक शेतकऱ्यांनी कुंपणे घातली. तेल, मांस, कातडे सगळे विकले जाईल असे सांगितले जात होते. प्रत्यक्षात विकली जात होती ती पिल्ले, पुढच्या शेतकऱ्याला. २०१२ साली तामिळनाडूतल्या पेरुंदुराईची सुसी इमू फार्म्स ही कंपनी कोसळली आणि गुंतवणूकदार रस्त्यावर आले. २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या महारयत अॅग्रो कंपनीचे कडकनाथ प्रकरण गाजले. पिल्ले देऊ, अंडी आणि पक्षी चढ्या भावाने परत घेऊ, असा तिथला वायदा होता. खरेदी थांबली आणि पोलिसांत तक्रारी गेल्या. गच्चीवरच्या वीस जोड्यांत कोणी फसवणारा नसतो, हा मोठा फरक. पण शेवटचे गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न न विचारता पैसा घालणे मात्र दोन्हीकडे सारखेच.

मग भाचा म्हणाला, “बजरीगर नको तर महागडी पाखरं करू. कॉकटेल, कोन्युर.”

कॉकटेलला भाव जास्त, पण त्याची जोडी जुळायला आणि पिल्ले हाती यायला वेळही जास्त. शिवाय इथे कायदा समजून घ्यावा लागतो, आणि आपल्या पोरांनी तो विशेष करून समजून घ्यावा, कारण चौकशी दारात आली की अज्ञान ही सबब चालत नाही. आपला देशी पोपट, मुनिया, मैना ही पाखरे पकडणे, पाळणे, विकणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कितीही ओळखीच्या माणसाने आणून दिली तरी. परदेशी पाखरांपैकी बजरीगर, कॉकटेल आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड ही ‘साईट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीबाहेर आहेत. सन कोन्युर, फिशर लव्हबर्ड, आफ्रिकन ग्रे ही यादीत आहेत, आणि २०२४च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. जन्म, मृत्यू, हस्तांतर सगळे कळवावे लागते. दुकान काढायचे तर २०१८चे पाळीव प्राणी दुकान नियम आहेत. पाच-दहा हजारांची जोडी घेऊन कागद नसेल तर भांडवल आणि इज्जत दोन्ही एकदम जातात.

रोगाचेही तसेच. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू आला, २०२१च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात पुन्हा आला. रोग कोंबड्यांत निघाला तरी भीती सगळ्याच पिसांना चिकटते. अशा वेळी लेकरासाठी पाखरू घ्यायला कोण येणार?

आता दीनाची बाजू. पाखरू पाळणे नाजायज आहे का, असे काही जण विचारतात. हजरत अनस यांच्या धाकट्या भावाकडे, अबू उमैरकडे, एक छोटे पाखरू होते आणि पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम त्या लेकराकडे त्याची प्रेमाने चौकशी करत, ही हदीस आपल्याला ठाऊक आहे. तिच्यावरून उलेमांनी पाखरू पाळायला मुभा मानली आहे. पण मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या, तिला खायलाही न देणाऱ्या आणि सोडूनही न देणाऱ्या बाईची हदीसही तितकीच ठाऊक आहे. जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारी पाखरे याही तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, असे कुरआनच सांगते. आपल्या देशातली न्यायालयेही याच वाटेने गेली आहेत. पाखरांना आकाशात उडण्याचा हक्क आहे, धंद्यासाठी त्यांना पिंजऱ्यात कोंडता येणार नाही, असे मत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली व्यक्त केले.

मला मात्र तिसरी हदीस अधिक सतावते. अल्लाहवर खरा भरवसा ठेवलात तर तो तुम्हाला पाखरांसारखी रोजी देईल. ती सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटाने परततात, अशा अर्थाची. आपण तिच्यातला भरवसा लक्षात ठेवतो, पण त्यातले पाखरू घरट्याबाहेर निघते हे विसरतो. पिंजऱ्यातल्या पाखराला निघताच येत नाही. त्याचे दाणापाणी आपल्या जिम्म्यावर असते. धंदा बसला तर पिंपातला राळा आधी कमी होतो, औषध आधी बंद होते, एका पिंजऱ्यात दुप्पट पाखरे आधी कोंबली जातात. मालकाची तंगी सर्वांत आधी त्या मुक्या जिवाच्या वाट्याला येते. ज्यांची रोजी आपल्या हातात, त्यांच्याच जिवावर आपली सगळी रोजी टांगायची, हे मला पटत नाही.

२००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले होते की कमावत्या मुसलमानांपैकी निम्म्याहून जास्त लोक स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगतात. यात हिंमत आहे, तसा नाइलाजही आहे. गल्लीत एकाने भंगाराचे दुकान टाकले की दहा निघतात, एकाने गॅरेज काढले की सगळीकडे गॅरेज. शेजारी करतो म्हणून करायचे, आणि शेजाऱ्याने तोट्याचा आकडा सांगितलेला नसतो. शेजाऱ्याला दोष कशाला? त्याने तो आकडा स्वतःसाठीही लिहिलेला नसतो.

भाच्याने नोकरी सोडली नाही. ती चांगली आहे म्हणून नव्हे. तिच्यात काय खोट आहे हे तो माझ्यापेक्षा जास्त जाणतो. त्याने फोर्कलिफ्ट चालवण्याचे प्रशिक्षण धरले आहे, म्हणजे पुढच्या ब्रेकनंतर निदान वेगळ्या हजेरीवर उभे राहता येईल. गच्चीवर पत्रा पडला नाही. गॅलरीत सहा जोड्या आहेत. सूनबाईने वही घातली आहे, आणि विक्रीतून दाणे वजा जाता जे उरते ते तिच्या नावावर जमा होते, नवऱ्याच्या नाही. हा करार तिनेच आधी करून घेतला. रक्कम लहान आहे. लेकरांच्या वह्या-पुस्तकांना पुरते, घरभाड्याला पुरत नाही.

पाखरांवर घर चालेल का, असे मला अजूनही पोरे विचारतात. मी त्यांना नको म्हणत नाही. एवढेच सांगतो की आधी दोन जोड्या घ्या, एक वर्ष वही लिहा, घरच्या बाईची मजुरी तिच्यात मांडा, आणि तुमचे पाखरू घेणारा शेवटचा माणूस कोण आहे त्याला जाऊन भेटा. तो सापडला तर पुढचा पिंजरा घ्या.